मॅडमचा बुधवार

दाताच्या मॅडमना माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही. धारूरच्या बाजारात कुणी नमस्कार केला की त्या नुसत्या बघत राहायच्या. समोरचा माणूस ओशाळून हसायचा, आणि तो हसला की लगेच त्यांना ओळख पटायची. "अच्छा, तुम्ही! खालची डावी दाढ! कशी आहे आता?"

एकदा एका मोठ्या पुढाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात असंच विचारलं. चार माणसं मागे घेऊन तो चालला होता. तो म्हणाला, "मॅडम, जरा हळू. माझी दाढ काय गावजेवण हाय का, सगळ्यांना सांगायला?" मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी त्याला तिथंच तोंड उघडायला लावलं, उन्हाकडे मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, "तंबाखू सुटली नाही तुमची." मागची चार माणसं दुसरीकडे बघायला लागली.

मी त्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं काम केलं. झाडणं, पुसणं, हत्यारं धुऊन वाफेच्या डब्यात घालणं, पेशंटला आत सोडणं, आणि मॅडम काम करताना दिवा धरणं. खुर्चीला दिवा होता, पण त्याची मान मोडलेली होती. ती नीट करून घ्यायची असं मॅडम नऊ वर्षं म्हणत होत्या. मी नवऱ्याच्या घरून परत येऊन भावाकडे राहत होते. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती, पण दवाखान्यात काम करणारी म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे मला मावशी म्हणायला लागले. मॅडम मात्र अगं म्हणायच्या.

कामाला ठेवताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "रडणाऱ्या पोरांचा राग येतो का तुला?"

मी मान हलवली.

"बोलता येत नाही का?"

मी पुन्हा मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी फार बोलते. एकीनं तरी गप्प बसायला पाहिजे."

त्या खरंच फार बोलायच्या, पण माणसांशी कमी. दातांशी जास्त. पोराच्या तोंडात आरसा घातला की सुरू. "काय रे, तू का काळा पडलास? शेजारी बघ कसा पांढराशुभ्र बसलाय. आणि तू कोण? नवीन आलास वाटतं. ये ये, सरकून घे." पोराला आधी वाटायचं आपल्यालाच बोलतात. मग ते ऐकत बसायचं, आपल्या तोंडात कोण कोण राहतं ते.

पहिल्यांदा येणाऱ्या पोराला त्या खुर्चीवर बसवतच नसत. स्वतः खुर्चीवर बसायच्या, पोराच्या हातात आरसा द्यायच्या आणि तोंड उघडून म्हणायच्या, "मोज." पोरगं भीत भीत मोजायचं. मॅडमचा वरचा एक दात नव्हता. बाजूचाच, हसल्या की दिसायचा. तिथं आलं की पोरगं थांबायचं.

"हितला कुठंय?"

"म्हशीनं ढुशी दिली." दुसऱ्या पोराला सांगायच्या, "चोरून गोळ्या खाल्ल्या." तिसऱ्याला, "बापाला सांगितलं नाही दुखतंय म्हणून." खरं काय ते मला कधी कळलं नाही. दाताची डॉक्टर असून दात बसवून का घेतला नाही, हे बायका मला विचारायच्या. मी मॅडमना विचारलं नाही. नऊ वर्षांत मी त्यांना स्वतःहून फार तर दहा गोष्टी विचारल्या असतील.

शाळेच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. पोरं सुट्टीत तिथून गोड सुपारीच्या पुड्या आणि रंगीत गोळ्या घ्यायची. मॅडम रोज तिथं जाऊन उभ्या राहायला लागल्या. दुकानदार वैतागला.

"मॅडम, माझं गिऱ्हाईक कावून बिथरवता?"

"मी कुठं काय म्हणतेय? विका की. फक्त सुपारी त्या वरच्या फळीवर ठेवा, आणि फुटाणे-शेंगदाणे इथं खाली, पोरांच्या हाताला येतील असे."

"अन् पोरानं सुपारी मागितली तर?"

"तर शिडी लावून द्या."

"माझा गुडघा दुखतो, मॅडम. शिडी कशी चढू?"

"मग तर फारच चांगलं."

तो हसला. फुटाणे खाली आले. आठ दिवसांनी सुपारी पुन्हा खाली आलेली दिसली की मॅडम आत शिरून स्वतःच्या हातानं ती वर ठेवायच्या. दुकानदारानं नंतर नंतर सोडून दिलं. म्हणायचा, "ह्या बाईशी वाद घालायचा म्हंजे तोंड उघडावं लागतं, अन् तोंड उघडलं की ती आत बघती."

पण त्यांची सगळ्यात मोठी करामत मामाच्या ब्रशाची. आमच्याकडे बाळाला वरचा दात आधी आला तर मामाला जड जातं असं मानतात. मग मामानं काहीतरी घेऊन यायचं, उतारा करायचा. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस काहीतरी विचार करत होत्या. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या अंगणवाडीत गेल्या आणि तिथं जमलेल्या लेकुरवाळ्या बायकांना गंभीर तोंड करून म्हणाल्या, "पहिला दात वरचा येवो की खालचा, मामानं बाळाला ब्रश आणायचा. आणि तो ब्रश घेऊन बाळाला आधी मला दाखवायचं. नाहीतर मामाच्या दाढा दुखतात."

एक म्हातारी म्हणाली, "असं तर आमी कदी ऐकलं न्हाई."

"तुमच्याकडं नसेल. आमच्याकडं आहे."

त्यांच्याकडेही नव्हतं. मला हे माहीत होतं, कारण बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "खोटं बोलले गं. पण हे खोटं कुणाला चावणार नाही." वर्षभरात आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मामालोक छोटे ब्रश घेऊन यायला लागले. मोठाल्या मिशांचे गडी, कडेवर भाची, हातात बोटाएवढा ब्रश. "मॅडम, आला बघा दात. आता माझ्या दाढंला काय होत न्हाई ना?" मॅडम बाळाच्या हिरड्या बघायच्या, दूध पाजून झाल्यावर ओल्या फडक्यानं कसं पुसायचं ते आईला दाखवायच्या, आणि मग मामाचंही तोंड उघडायला लावायच्या.

बुधवार त्यांचा शाळेचा. त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद. गुरुजींनी एका लांब फळीला खिळे मारून दिले होते. प्रत्येक खिळ्याला एक ब्रश. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून मी चिकटपट्टीवर नावं लिहायची. मी चौथीपर्यंतच शिकले, पण माझं अक्षर चांगलं आहे. ते मॅडमनीच मला सांगितलं, त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीच्या पोरांना वाचता येत नसे, त्यांच्या पट्टीवर मी शेळी, पतंग, चांदणी असं काढायची. खिचडी झाली की सगळी पोरं नळापाशी रांगेत, वाटाण्याएवढी पेस्ट, आणि मॅडम मधोमध उभ्या राहून स्वतः दात घासत मोजायच्या. तोंडात फेस, तरी मोजत राहायच्या. त्यांच्या साडीवर बुधवारचे पांढरे ठिपके असायचे. वर्षातून दोनदा त्या पोरांच्या दाढांना कीड लागू नये म्हणून पिवळट लेप लावायच्या, आणि पोरं संध्याकाळपर्यंत एकमेकांना पिवळे दात दाखवत हिंडायची.

दसऱ्यानंतर आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. गाड्या भरायला लागल्या की मॅडम पिशवी घेऊन तिथं हजर. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं सगळं चढत असायचं, आणि ह्या लेकरांच्या गाठोड्यात ब्रश खुपसत हिंडायच्या. एका बाईनं विचारलं, "मॅडम, तिकडं पोरं दिसभर ऊस चघळत्यात. तुमी म्हनता गोड खाऊ नका. मग काय उपाशी ठेवू?"

मॅडम म्हणाल्या, "उसाच्या फडात राहून ऊस खाऊ नको असं कोण म्हणेल? खाऊ दे. पण खाल्ला की पाण्याची चूळ. आणि झोपताना ऊस नाही, ब्रश." त्या बाईला ते पटलेलं दिसलं. मॅडम परत येताना मला म्हणाल्या, "करता येईल तेवढंच सांगावं माणसाला. नाहीतर ती आपल्यापासून लपवायला लागतात." पुढं जे झालं त्यानंतर हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

जी पोरं मागे राहायची ती आजी-आजोबांकडे, नाहीतर शाळेतल्या वसतिगृहात. पडलेला दुधाचा दात आपल्या घराच्या छपरावर टाकायचा असतो, पण वसतिगृहातल्या पोरांच्या घरांना कुलपं. मग ती दात घेऊन दवाखान्यात यायची. मॅडम म्हणायच्या, "टाक आमच्या पत्र्यावर. आमचंही घरच आहे." पोरगं बाहेर जाऊन दात वर भिरकवायचं. पत्र्यावर टण् वाजायचं, आणि मॅडम आत काम थांबवून वर बघायच्या.

घर म्हणायच्या, पण त्यांचं घर असं नव्हतंच. दवाखान्याच्या मागे एक खोली होती. संध्याकाळी पेशंट संपले तरी त्या खोलीत जात नसत. पेशंटच्या खुर्चीवर आडव्या होऊन पेपर वाचायच्या. जेवायच्या उभ्यानं, हात धुवायच्या बेसिनपाशी. दिवाळीत दवाखाना उघडा. मी म्हणायचे, "मॅडम, आज कोण येणार?" त्या म्हणायच्या, "दिवाळीत दात दुखत नाहीत असं कुणी सांगितलं?" लग्न केलं नव्हतं की मोडलं होतं, मला माहीत नाही. लांब कुठंतरी एक भाऊ होता. मी माझं सांगितलं नाही, त्यांनी त्यांचं सांगितलं नाही. कधी पेशंट नसले की त्या खुर्चीवर आणि मी दारातल्या बाकावर, अशा आम्ही दुपारभर बसून राहायचो.

मी मिसरी लावायची. आईनंच लावायला शिकवली. दवाखान्यात आल्यावर लाज वाटायला लागली आणि मी बोलताना पदर तोंडावर धरायला लागले. मॅडमना कळलं असणार. पण त्या कधीच म्हणाल्या नाहीत, दाखव म्हणून. एकदाच म्हणाल्या, "तू दाखवल्याशिवाय मी बघणार नाही." मी दाखवलं नाही.

मॅडम कुणाला रागवत नसत. मिसरीवाल्या बायकांना नाही, तंबाखूवाल्या बाप्यांना नाही. एकाच गोष्टीवरून त्यांचा तोल जायचा, तो म्हणजे रुईचा चीक. दाढ दुखायला लागली की आमच्याकडे रुईचं पान मोडून त्याचा चीक कापसावर घेऊन लावतात. एका लहान पोराचं तोंड त्यानं आतून सोलून निघालं होतं. तेव्हापासून त्यांनी शाळेत, अंगणवाडीत, बाजारात सगळ्यांना बजावलं होतं, चिकाचा हात डोळ्याला लागला तर डोळाही जातो म्हणून. चीक लावून आणलं कुणी तर त्या एवढ्या ओरडायच्या की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहायची. बायका त्यांना त्या एका गोष्टीसाठी भ्यायच्या.

त्या थंडीत एक आजी नातीला घेऊन आली. मुलगा-सून कारखान्याला गेलेले. पोरगी नऊ वर्षांची, उजवा गाल सुजलेला. मॅडम आत दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. आजी बाकावर माझ्याजवळ सरकली.

"मावशे, एक सांगू का? मॅडमला न्हाई सांगायचं बग."

"काय?"

"सकाळी चीक लावला दाढंला. रातभर पोरगी केकाटत हुती, काय करू म्या? पोरगी माझ्या जिवावर टाकून गेलेत ती. मॅडम आता मला खातील. पोराला कळलं तर त्यो माझ्या हाती लेकरू ठिवायचा न्हाई."

मी म्हणाले, "न्हाई सांगत."

पोरगी तेव्हा शेजारी बसून डोळा चोळत होती. मी ते बघितलं.

आत गेल्यावर मॅडमनी विचारलं, "काही लावलं का दाढेला?"

"न्हाई वो. नुस्तं मीठ-पाणी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी दिवा जरा खाली घेतला. वरची दुधाची दाढ होती, मुळापर्यंत किडलेली. मॅडमनी ती काढली. पोरगी फार रडली नाही. "जागा राखून ठेव बरं का," मॅडम त्या हिरडीला म्हणाल्या, "इथं मोठी येणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी धावत आली. पोरीचा उजवा डोळा उघडत नव्हता. बुबुळावर धुकं आल्यासारखं पांढरट झालं होतं. मॅडमनी दवाखान्याचं शटर ओढलं, जीप बोलावली आणि दोघींना घेऊन अंबाजोगाईला डोळ्याच्या डॉक्टरकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "येतेस?" मी म्हणाले, "दवाखाना बघते." बंद दवाखान्यात बघण्यासारखं काय असतं? जीपच्या दाराशी उभं राहून मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. जीप वळून गेली.

संध्याकाळी त्या परत आल्या. पोरीच्या डोळ्यावर पट्टी. मॅडम बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा होईल डोळा. थेंब दर दोन तासांनी घालायचेत. म्हातारीला घड्याळ कळत नाही. मीच जाईन." पंधरा दिवस त्या दर दोन तासांनी चालत आजीच्या घरी जात होत्या. खुर्चीवर पेशंट असला तरी "आलेच" म्हणून जायच्या. पेशंट तोंड उघडं ठेवून बसून राहायचा.

तेवढ्यात गावात झालं ते झालं. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे आमच्याकडे सगळे मानतात. मॅडम आल्यापासून पोरांच्या बाबतीत तरी ते मागे पडलं होतं. आता गिरणीत, नळावर, सगळीकडे तेच. "दाढ उपटली अन् डोळ्याची शीर तुटली." कुणीतरी पोरीच्या बापाला कारखान्यावर फोन केला.

शाळेच्या व्हरांड्यात मंडळी बसली. गुरुजी, शाळा समितीतली आठ-दहा माणसं, मागे बायका. बायकांत आजी होती, आणि मी. गुरुजींनी पोरीच्या बापाचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तो ओरडत होता, "माझ्या लेकीचा डोळा गेला तर मी कुणालाच सोडनार न्हाई. अन् आईनं काय केलं, तिला कळत न्हाई का, कुनाकडं न्यायचं ते?"

आजीनं माझं मनगट धरलं.

समितीतला एक जण म्हणाला, "मॅडम, तुमी चांगल्या हाव, कुणी न्हाई म्हनत न्हाई. पण वरच्या दाढंचा अन् डोळ्याचा संबंध हाय. आमचे बापजादे काय येडे होते का?"

"संबंध नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग डोळा कशानं गेला?"

मॅडम मग म्हणाल्या, "गेला नाही. बरा होतोय."

"कशानं झालं ते सांगा की."

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा गुरुजी मागे वळले. "मावशी, तुमी होता ना तवा आत? काय झालतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आजीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. मॅडमनीही वळून बघितलं. मी पदर तोंडावर घेतला.

"मी बाहेर होते," मी म्हणाले.

मी बाहेर नव्हते. दिवा माझ्याच हातात होता.

गुरुजी म्हणाले, "मग सध्या आपण बुधवार बंद ठेवू. लोकांचं मन आहे, मॅडम."

"आणि ब्रश?" मॅडमनी विचारलं. "तीन महिन्यांनी बदलायचे असतात. आता बदलायला आलेत."

कुणीतरी हसलं. एवढा गहजब झालाय आणि बाईला ब्रशाचं पडलंय, असं ते हसणं होतं.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम. पण पोरं येईनात. आया रस्त्याच्या पलीकडून चालायला लागल्या. मामा ब्रश घेऊन यायचे थांबले. कवळी बसवायला म्हातारी माणसं तेवढी यायची. बुधवारी दुपारी मॅडम तरीही शटर ओढायच्या, पिशवी भरायच्या आणि खुर्चीवर बसून राहायच्या. एका बुधवारी उठून निघाल्या. थोड्या वेळानं परत आल्या. म्हणाल्या, "फाटकापर्यंत गेले होते. खिचडी झाली त्यांची. चूळ कुणीच भरली नाही."

शिमग्याच्या सुमारास ऊसतोडीची माणसं परत आली तेव्हा पोरीचा डोळा स्वच्छ झाला होता. पण डोळा बरा झाला म्हणून कुणी पुन्हा व्हरांड्यात बसायला आलं नाही.

उन्हाळ्यात मॅडमनी दवाखाना बंद केला. खुर्ची कुठल्या तरी तरुण डॉक्टरनं नेली. स्टँडवर मी पोचवायला गेले. एस.टी. लागेपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. मला वाटलं, आता तरी सांगावं. एस.टी. लागली. चढताना त्या म्हणाल्या, "खालच्या उजव्या हिरड्या दुखतात ना तुझ्या? जेवताना एकाच बाजूनं चावतेस. कुणाला तरी दाखव. मलाच दाखव असं नाही." मी मान हलवली.

त्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा बाजारात आजी भेटली. तिनं मला कोथिंबिरीची जुडी दिली. नको म्हणाले तर हातात कोंबली. म्हणाली, "तू त्या दिशी बोलली न्हाईस म्हणून माझं घर राह्यलं, बाई. पोरानं लेकरू माझ्याकडंच ठिवलं. देव तुजं भलं करो."

त्या कोथिंबिरीचं काय करावं मला कळेना. भावाच्या घराच्या मागे जाऊन मी मॅडमना फोन लावला. नंबर होता माझ्याकडे, पण कधी लावला नव्हता.

"कोण?"

मी नाव सांगितलं.  मग मी सगळं सांगितलं, चीक, बाकावरचं बोलणं, पोरगी डोळा चोळत होती ते, आणि दिवा माझ्या हातात होता ते. एवढं मी एका दमात कधीच बोलले नव्हते.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अंबाजोगाईला पोरीनंच सांगितलं, डॉक्टरनं विचारलं तेव्हा."

"मग व्हरांड्यात तुम्ही का बोलला न्हाईत?"

"म्हातारीकडून पोरगी काढून घेतली असती तर तिला कुणाकडं ठेवलं असतं?"

मी विचारलं, "माझ्याकडं का बघितलं मग?"

 "तू बोलू नयेस असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "आणि बोलावंस असंही वाटत होतं. दोन्ही वाटत होतं, अगं. मला त्या पोरांशिवाय दुसरं काय होतं तिथं?"

मला रडू आलं. ते त्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. एकदम विचारलं, "त्या जागी नवी दाढ आली का?"

"मी बघितलं न्हाई."

"मग बघून ये. मी इथंच आहे."

मी तशीच आजीच्या घरी गेले. आजी अजून बाजारातच होती. पोरगी अंगणात शेणाचा सडा टाकत होती. उंच झाली होती. मी म्हणाले, "तोंड उघड गं जरा."

"कावून?"

"मॅडमनी विचारलंय."

तिनं बादली खाली ठेवली, पाण्यानं हात धुतले आणि उन्हाकडे मान करून एवढं मोठं तोंड उघडलं की जबड्याचा आवाज झाला. वरच्या हिरडीतून पांढरं टोक खाली उतरलं होतं.

अंगणातूनच मी फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"आली," मी म्हणाले.

"किती?"

"अर्धी. जरा तिरकी हाय."

"तिरकी चालते. येऊ दे पूर्ण."

  पोरगी तोंड उघडंच ठेवून माझ्याकडे बघत होती, तिला मी मिटायला सांगितलं.

"अजून काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

सांगायचं पुष्कळ होतं. मी म्हणाले, "न्हाई."

"मग तशीच थांब जरा वेळ," त्या म्हणाल्या. "ठेवू नकोस."

मी थांबले.